मेजर घेतला दोनशेंनी, पुरा केला कितींनी?

कॉलेजातल्या एखाद्या विभागाला विचारा, "तुमचा विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेणाऱ्यांपैकी किती मुलं शेवटी त्याच विषयात पदवी घेतात?" बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "यंदा आमचे १०९ पदवीधर झाले." उत्तर खरं असतं, पण ते या प्रश्नाचं नसतं. स्वारगेटहून निघालेल्या एसटीतून कोल्हापुरात चाळीस माणसं उतरली, तरी स्वारगेटला चढलेल्यांपैकी किती जण कोल्हापूरला पोचले हे त्यावरून कळत नाही. काही साताऱ्याला उतरलेले असतात, काही कराडला चढलेले असतात. त्यामुळे शेवटची मोजदाद पुरत नाही, सुरुवातीची यादी हातात असावी लागते.

हा प्रश्न अमेरिकेत जास्त विचारला जातो, कारण तिथल्या बऱ्याच ठिकाणी प्रवेश कॉलेजात मिळतो आणि मेजर मागाहून ठरतो. अर्जात इच्छा लिहायची, पहिल्या-दुसऱ्या वर्षात निरनिराळे विषय घेऊन पाहायचे आणि साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मेजर अधिकृतपणे नोंदवायचा. इंजिनीअरिंग, नर्सिंगसारख्या शाखांना पुष्कळ ठिकाणी वेगळा प्रवेश असतो. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषयांचा) आराखडा स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. म्हणजे हे गणित आता इथल्या आयक्यूएसी (कॉलेजातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांनाही सोडवावं लागणार. अमेरिकेत या मोजणीतल्या बहुतेक चुका करून झालेल्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एकच विभाग, चार टक्केवाऱ्या

समजा, एका विद्यापीठात एका वर्षी २०० नवे विद्यार्थी जीवशास्त्र हा मेजर सांगून आले. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) सहा वर्षांनी पाहिलं तर ७८ जणांनी जीवशास्त्रातच पदवी घेतली होती आणि ४६ जणांनी त्याच विद्यापीठात दुसऱ्या विषयात. १४ जण अजून शिकत होते. २२ जण दुसऱ्या संस्थेत गेले होते. त्यातल्या १२ जणांना तिथे पदवी मिळाली, पैकी ५ जणांना जीवशास्त्रात. उरलेल्या ४० जणांची पुढची नोंद कुठेच नव्हती. शिवाय आणखी ३१ जण असे होते, जे दुसऱ्या मेजरमधून किंवा मेजर न ठरवता आले आणि जीवशास्त्राचे पदवीधर होऊन बाहेर पडले.

विभाग म्हणतो, ७८ आणि ३१ मिळून १०९ पदवीधर झाले, भागिले २००, म्हणजे साडेचौपन्न टक्के. हा आकडा सरळ चूक आहे. ते ३१ जण अंशात आहेत, पण छेदात नाहीत. या मोजणीचा पहिला नियम असा की अंशातला प्रत्येक माणूस छेदातही असलाच पाहिजे. तो मोडला तर बाहेरून भरपूर मुलं येणाऱ्या विभागाचा दर १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. तसा तो गेला की निदान चूक लक्षात तरी येते. साडेचौपन्न मात्र कुणाच्याच डोळ्यांत खुपत नाही.

दुसरा कुणी म्हणतो, पहिल्या दोन वर्षांत मुलं चाचपडतच असतात, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जे जीवशास्त्रात होते तेवढेच धरा. तेव्हा मूळ दोनशेंपैकी १०४ उरले होते. ७८ भागिले १०४, म्हणजे ७५ टक्के. इथे अंशातला प्रत्येक जण छेदात आहे, गणितात चूक नाही. पण जे गळायचे होते ते आधीच गळले, आणि टिकलेल्यांतले किती टिकले एवढंच आपण विचारलं. प्रवेशापासून मोजलं तर ७८ भागिले २००, म्हणजे ३९ टक्के. कुठल्याही विषयात का होईना, त्याच विद्यापीठाची पदवी मिळालेले १२४, म्हणजे ६२ टक्के.

साडेचौपन्न, पंच्याहत्तर, एकोणचाळीस, बासष्ट: विभाग तोच आणि मुलंही तीच. माहितीपत्रकात यातला कुठला आकडा छापला जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पायाचा आकडा ३९ हाच धरावा, पण तोही एकटा छापू नये. जीवशास्त्र सोडून आकडेशास्त्रात किंवा सार्वजनिक आरोग्यात पदवी घेतलेल्या मुलाला 'अपूर्ण' म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून मूळ यादीतल्या प्रत्येकाला पाचांपैकी एकाच कप्प्यात टाकावं: त्याच मेजरमध्ये पदवी, त्याच संस्थेत दुसऱ्या मेजरमध्ये पदवी, अजून शिकतो आहे, दुसऱ्या संस्थेत गेला, कुठेच नाही. पाचांची बेरीज मूळ संख्येइतकी आली नाही, तर पुढचं काही करण्याआधी ती जुळवावी. बाहेरून आलेले ३१ वेगळ्या ओळीत दाखवावेत. विभागाला त्यांचं श्रेय मिळायलाच हवं, पण ते त्या दोनशेंच्या हिशोबात नको.

यादी कोणत्या दिवशी गोठवायची

सगळा वाद छेदावर असतो आणि छेद ठरतो यादी गोठवण्याच्या दिवसावर. अमेरिकेच्या संघराज्य सरकारची आयपेड्स ही माहितीसंकलन व्यवस्था शरद सत्राच्या पटासाठी संस्थेची अधिकृत नोंदणी-तारीख किंवा १५ ऑक्टोबर धरते. तोवर नाव घालून लगेच काढणारे निघून गेलेले असतात.

तारखेइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे 'मेजर घेतला' असं कधी म्हणायचं. त्याच्या चार पायऱ्या असतात आणि संस्था त्या सर्रास एकमेकींत मिसळतात. पहिली, अर्जात लिहिलेली इच्छा. दुसरी, 'प्री' गट, म्हणजे प्री-नर्सिंग, प्री-बिझनेस. यात विद्यार्थी दाराशी उभा असतो, आत गेलेला नसतो. तिसरी, अधिकृत नोंद. चौथी, विभागाने गुण पाहून वरच्या वर्गात दिलेला प्रवेश. नर्सिंगमध्ये जागा मोजक्या असतात. प्री-नर्सिंगच्या यादीवरून मोजलं तर दर फार कमी दिसतो आणि चौथ्या पायरीपासून मोजलं तर डोळे दिपतील एवढा चांगला. दोन विद्यापीठांची तुलना करताना एकाने दुसऱ्या पायरीवरून आणि दुसऱ्याने चौथ्या पायरीवरून मोजलं असेल, तर त्या तुलनेला काडीचा अर्थ नाही.

मेजर न ठरवता आलेल्यांचं काय करायचं? त्यांना कुठल्याही विभागात ढकलू नये आणि यादीतून वगळूही नये. त्यांचा वेगळा गट करावा आणि त्यांच्यासाठी निराळा प्रश्न विचारावा: दुसऱ्या वर्षाअखेर किती जणांनी मेजर ठरवला, आणि ठरवलेल्यांपैकी किती जणांनी तो पुरा केला.

घड्याळ किती वर्षं चालू ठेवायचं

अमेरिकेत १९९० च्या 'विद्यार्थ्यांचा जाणून घेण्याचा हक्क' कायद्यामुळे संस्थांना पदवी-पूर्तीचा दर जाहीर करावा लागतो. त्यात नेहमीच्या मुदतीच्या दीडपट काळ धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन. मृत्यू, कायमचं अपंगत्व, लष्करी सेवा, पीस कोअरसारखी सरकारी परदेशसेवा किंवा चर्चचं अधिकृत मिशन, एवढ्याच कारणांनी एखाद्याला यादीतून काढता येतं. 'घरी अडचण होती', 'नोकरी लागली' ही कारणं चालत नाहीत. हा कडकपणा योग्यच आहे, कारण कारणांची यादी सैल झाली की छेद आकसत जातो आणि दर आपोआप सुधारतो.

त्या मूळ दरात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी धरले जात. अर्धवेळ शिकणारे आणि दुसऱ्या संस्थेतून आलेले त्यात नसत. ही उणीव भरून काढायला २०१५-१६ पासून वेगळं सर्वेक्षण आलं. त्यात या सगळ्यांचे चार गट करून ४, ६ आणि ८ वर्षांनंतरची स्थिती घेतात.

पण मेजरच्या प्रश्नाला यातलं काहीच थेट भिडत नाही. प्रवेशाच्या यादीवरून काढलेल्या सरकारी दरात मेजर नसतो. पदव्यांची जी दुसरी सरकारी मोजदाद आहे तिच्यात मेजर असतो, दुहेरी मेजरमधला दुसराही असतो, पण तो पदवीधर कोणत्या वर्षी कोणता मेजर सांगून आला होता हे नसतं. गाडीत चढलेल्यांची यादी एका खिडकीवर आणि उतरलेल्यांची दुसऱ्या. दोन्ही जोडणारा धागा फक्त संस्थेच्या स्वतःच्या नोंदींत सापडतो, नाहीतर विद्यार्थ्यांच्या नमुन्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत.

पाठपुरावा केल्यावर काय दिसलं

असे अभ्यास अमेरिकेचं राष्ट्रीय शैक्षणिक आकडेवारी केंद्र करतं. २०११-१२ मध्ये कॉलेज सुरू केलेल्यांवरचा त्यांचा एक टिपण-अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. मेजर नोंदवलेल्यांपैकी चार वर्षांच्या पदवीला असलेल्या ३३ टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत निदान एकदा मेजर बदलला होता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत हे प्रमाण २८ टक्के होतं. साधारण दहातल्या एकाने एकाहून जास्त वेळा बदलला होता. सगळ्यात जास्त गळती गणितात: गणित घेऊन आलेल्या पदवी-विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी दुसरी वाट धरली.

हे वाचून 'विज्ञान-गणितातूनच मुलं पळतात' असं म्हणायचा मोह होतो. याच केंद्राचा २०१३ चा अहवाल तो मोह आवरायला लावतो. २००३ ते २००९ या काळात पदवीसाठी विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या शाखांत शिरलेल्यांपैकी ४८ टक्के विद्यार्थी २००९ च्या वसंत ऋतूपर्यंत त्या शाखांतून बाहेर पडले होते. त्यातले साधारण निम्मे दुसऱ्या शाखेत गेले आणि बाकीचे पदवी न घेताच शिक्षणातून बाहेर पडले. बातम्यांत मथळा याचाच झाला. पण त्याच अहवालात मानव्यविद्या, शिक्षणशास्त्र आणि आरोग्यशास्त्र सोडणाऱ्यांचं प्रमाण ५६ ते ६२ टक्के होतं. वाणिज्य-व्यवस्थापनात ५० आणि सामाजिक शास्त्रांत ४५. गळती सगळीकडे आहे. ज्या शाखेची काळजी वाटते, तिचीच आपण मोजतो.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. भौतिकशास्त्र सोडून इंजिनीअरिंगला गेलेला विद्यार्थी त्या २०१३ च्या हिशोबात 'टिकला' असतो, कारण मोठी शाखा तीच राहिली. भौतिकशास्त्राच्या विभागाला मात्र तो गेलेलाच दिसतो.

'तोच' मेजर म्हणजे कितपत तोच

यासाठी अमेरिकेत सीआयपी नावाची अभ्यासक्रमांची सांकेतिक क्रमांक-पद्धत आहे. ती १९८० मध्ये सुरू झाली आणि तिची सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. क्रमांक सहा अंकी असतो. पहिले दोन अंक मोठी शाखा सांगतात, चार अंक विषयगट आणि सहाही अंक नेमका अभ्यासक्रम. २७ म्हणजे गणित आणि आकडेशास्त्र, त्यात २७.०१ गणित, २७.०५ आकडेशास्त्र. गणितातून आकडेशास्त्राला गेलेला विद्यार्थी दोन अंकांवर टिकलेला दिसतो, चार अंकांवर गेलेला. आणि तोच डेटा सायन्सला गेला तर दोन अंकांवरही गेलेला दिसतो, कारण डेटा सायन्सला २०२० च्या आवृत्तीत ३०.७० हा बहुविद्याशाखीय गटातला क्रमांक मिळाला.

उलटी गंमत आरोग्यशास्त्रात होते. प्री-नर्सिंग ५१.११ मध्ये आणि नर्सिंग ५१.३८ मध्ये आहे. नर्सिंगला जागा न मिळून त्याच ५१ मधला दुसरा एखादा अभ्यासक्रम पुरा करणारी मुलगी दोन अंकांच्या हिशोबात 'मेजर पुरा' या रकान्यात जाते. तिला विचारलं तर ती तसं म्हणणार नाही.

संस्था स्वतः क्रमांक बदलते तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. अर्थशास्त्राचा साधा क्रमांक ४५.०६०१. अनेक अमेरिकी विद्यापीठांनी आपला अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र, या क्रमांकाखाली नेला. हा क्रमांक सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनीअरिंग-गणिताच्या, यादीत आहे. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवान्यावर आणखी २४ महिने मागता येतात. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या मुलांना हे क्रमांक तोंडपाठ असतात. मोजणी करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एका रात्रीत अख्ख्या वर्गाने मेजर बदलला असं चित्र तयार होतं. उपाय साधा आहे: जुन्या-नव्या क्रमांकांची जोडयादी ठेवायची आणि हिशोब करण्याआधी सगळ्या नोंदी एकाच आवृत्तीत आणायच्या. विभागाचं नाव बदललं, दोन विभाग एक झाले किंवा अभ्यासक्रम बंद पडला, तरी हीच जोडयादी कामी येते. बंद पडलेल्या अभ्यासक्रमातल्या मुलांवर वेगळी खूण करावी. त्यांनी मेजर सोडला नव्हता, मेजरनेच त्यांना सोडलं.

पाचांपैकी पहिला कप्पा सहा अंकांवर काढावा आणि शेजारी चार अंकांवरचा आकडा द्यावा. दोन अंकांवरचा आकडा विभागाच्या निर्णयांसाठी फार भोंगळ असतो.

प्रत्यक्ष तक्ता कसा करायचा

मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरतं. पण कच्चा माल नीट हवा, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. विद्यार्थी-नोंदणीच्या प्रणालीत मेजरचा रकाना एकच असतो आणि मुलाने मेजर बदलला की जुनं नाव पुसून नवं बसतं. चार वर्षांनी ती यादी उघडली तर प्रत्येक जण जणू पहिल्या दिवसापासून शेवटच्याच मेजरमध्ये होता! अशा यादीवरून काढलेला दर खोटा चांगला येतो. म्हणून दर सत्राला ठरलेल्या तारखेला यादीची प्रत काढून, नावात तारीख घालून, फक्त वाचता येईल अशी ठेवावी. त्या प्रतीत नंतर काहीही दुरुस्त करायचं नाही. दुरुस्ती लागली तर ती वेगळ्या फाइलमध्ये.

दोन तक्ते करावेत. पहिल्यात प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक सत्रासाठी एक ओळ: कायम क्रमांक, सत्र, पहिला मेजर, दुसरा मेजर, सांकेतिक क्रमांक, त्या सत्रात मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक), एकूण क्रेडिट, नाव चालू की बंद. दुसऱ्यात मिळालेल्या पदव्या: कायम क्रमांक, तारीख, पदवीचा प्रकार, मेजर. मग मूळ सत्राची यादी पहिल्या तक्त्यातून उचलायची, एका विद्यार्थ्याची एकच ओळ उरली आहे ना ते तपासायचं आणि कायम क्रमांकावरून पदव्यांचा तक्ता जोडायचा. जोडणीनंतर ओळींची संख्या वाढली, तर कुणाला तरी दोन पदव्या आहेत. ती ओळ दोनदा मोजली जाऊ देऊ नये.

दुहेरी मेजरचा नियम आधीच लिहून ठेवावा. सोपा नियम असा: सुरुवातीच्या दोनांपैकी कुठलाही एक पुरा केला, तर संस्थेच्या हिशोबात विद्यार्थी 'पुरा', एकदाच. विभागांच्या हिशोबात ज्या विभागाचा मेजर पुरा झाला त्याच्याकडे 'पुरा', दुसऱ्याकडे 'दुसऱ्या मेजरमध्ये पदवी'. अर्थात मग विभागांची बेरीज संस्थेच्या एकूण संख्येपेक्षा जास्त येणार. ती तशी येते हे तक्त्याखाली लिहावं, नाहीतर दर वर्षी कुणीतरी बेरीज चुकली म्हणून फोन करतं.

मध्येच मेजर सोडून परत त्याच मेजरला आलेला विद्यार्थी 'पुरा'च धरावा.

यानंतर करायचा तो खरा उपयोगाचा तक्ता. उभ्या बाजूला सुरुवातीचे मेजर, आडव्या बाजूला शेवटचे मेजर, त्यात 'पदवी नाही' हा एक रकाना. एक्सेलच्या पिव्होट टेबलात हे दोन मिनिटांत होतं. कुठून कुठे जाणं आहे ते यात एका नजरेत दिसतं. रसायनशास्त्रातून जीवशास्त्राला दहा गेले आणि जीवशास्त्रातून रसायनशास्त्राला दहा आले, तर ती शेजारघरची ये-जा आहे. रसायनशास्त्रातून 'पदवी नाही' या रकान्यात वीस गेले, तर तिथे थांबून पाहायला हवं.

बदल किती क्रेडिट झाल्यावर झाला तेही पाहावं. पहिल्या ३० क्रेडिटच्या आत बदललेल्या मेजरने सहसा फारसं नुकसान होत नाही, कारण तोवरचे विषय बहुतेक सगळीकडे चालतात. ७० क्रेडिटनंतर बदललं तर आधीचे विशेष विषय नव्या मेजरच्या गरजेत बसत नाहीत आणि मुक्कामाचं एखादं वर्ष वाढतं, शिवाय त्या वर्षाची फी. गळती एखाद्या ठरावीक विषयानंतर होते का, हेही याच तक्त्यातून कळतं. कॅल्क्युलस, सेंद्रिय रसायन आणि प्रोग्रामिंगची पहिली ओळख हे नेहमीचे संशयित. त्या विषयात नापास झालेल्या, काठावर पास झालेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलांचं प्रमाण आणि त्यांच्यातल्या मेजर-बदलाचं प्रमाण शेजारी ठेवावं.

दुसऱ्या संस्थेत गेलेल्यांचा शोध अमेरिकेत नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या १९९३ मध्ये सुरू झालेल्या संस्थेमार्फत घेतात; बहुतेक कॉलेजं आपल्या पटाच्या याद्या तिला देतात. जुळणी नाव आणि जन्मतारखेवरून होत असल्याने स्पेलिंग बदललं, लग्नानंतर आडनाव बदललं किंवा विद्यार्थ्याने आपली माहिती उघड करायला मनाई केली असली, की तो 'कुठेच नाही' या कप्प्यात पडतो. म्हणून त्या कप्प्याला 'शिक्षण सोडलं' असं नाव देऊ नये.

लहान वर्गाचा आकडा

बारा विद्यार्थ्यांच्या तत्त्वज्ञान विभागात सहा जणांनी मेजर पुरा केला: ५० टक्के. पुढच्या वर्षी सात: ५८ टक्के. विभागात काहीतरी छान घडलं का? बहुधा एक विद्यार्थी जास्त टिकला, एवढंच. बारांपैकी सहा या आकड्यावरून खऱ्या दराचा ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला, तर तो साधारण २५ ते ७५ टक्क्यांपर्यंत पसरतो. १२० पैकी ६० असतील तर पट्टा ४१ ते ५९ असा आवळतो. त्यामुळे तीसपेक्षा लहान गटासाठी तीन ते पाच वर्षांच्या याद्या एकत्र कराव्यात आणि एका वर्षाचा दर छापूच नये.

या दराला विभागाचं प्रगतिपुस्तक समजणं हा आणखी मोठा धोका. ज्या विभागात बारावीचं गणित पक्कं असलेली मुलं येतात, त्याचा दर शिकवणं सुमार असलं तरी बरा येईल. शिवाय दरावर बक्षीस किंवा अनुदान बांधलं की विभाग तो वाढवायचे सोपे रस्ते शोधतो: नोंदणी उशिरा करून घ्यायची, कच्च्या मुलांना दारातच परत पाठवायचं, बदलू पाहणाऱ्याच्या अर्जावर सही लांबवायची. तिन्ही मार्गांनी दर वाढतो आणि मुलांचं नुकसान होतं. पहिल्या वर्षी चुकीचा विषय ओळखून वेळेत बाहेर पडलेला विद्यार्थी खरं तर व्यवस्थेचं यशच आहे, पण या दरात तो उणे होतो.

महाराष्ट्रात हे मोजताना

इथे आजवर मिरवला गेलेला आकडा म्हणजे निकालाची टक्केवारी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या आजवरच्या नमुन्यातही शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले हेच विचारलेलं असतं. वरच्या उदाहरणातल्या ७५ टक्क्यांची ही आणखी आवळलेली आवृत्ती आहे. एफवायला नाव घातलेला आणि एसवायला न आलेला मुलगा या छेदात कधी येतच नाही. पूर्वी बऱ्याच ठिकाणी स्पेशल विषय टीवायला ठरायचा तेव्हा मेजर-पूर्तीचा प्रश्नही फारसा नव्हता. आता काही विद्यापीठांच्या आराखड्यात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो. तिथे दोन याद्या गोठवाव्या लागतील: एक एफवायच्या प्रवेशाची, दुसरी एसवायच्या मेजर-निवडीची. दोन्हींवरून दर काढून दोन्ही छापावेत.

एफवायची यादी गोठवायची तारीख प्रवेश-फेऱ्या संपल्यानंतरची ठेवावी. बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवायचा आणि नीट किंवा सीईटीच्या फेऱ्यांत जागा मिळाली की तो रद्द करायचा, हे दर वर्षी होतं. जुलैची यादी धरली तर रसायनशास्त्राच्या माथी अशी मुलं बसतात ज्यांनी एकही तास केलेला नसतो. मात्र त्यांची संख्या वेगळी नोंदवावी. रिकाम्या राहिलेल्या जागांचं कारण तिथे सापडतं.

एसवायला मेजर मागितला कोणता आणि मिळाला कोणता, हे दोन वेगळे रकाने हवेत. प्रयोगशाळेच्या जागा मोजक्या असल्या की वाटप गुणांवर होतं. सूक्ष्मजीवशास्त्र मागून वनस्पतिशास्त्र मिळालेल्या मुलीने पुढे विषय सोडला, तर तो वनस्पतिशास्त्राचा दोष नाही. एकच रकाना ठेवला तर ते कधीच कळणार नाही.

पूर्ततेची व्याख्या इथे जरा अवघड आहे, कारण बाहेर पडायची दारं अनेक आहेत. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र, ८० वर पदविका, १२० वर तीन वर्षांची पदवी, १६० वर चार वर्षांची ऑनर्स पदवी. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रमही करावा लागतो. बाहेर गेलेल्याला तीन वर्षांत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पुरं करायचं असतं. मेजर पुरा म्हणजे निदान तीन वर्षांची पदवी, असं धरावं. प्रमाणपत्र-पदविका घेऊन गेलेल्यांचा सहावा कप्पा करावा. तिसऱ्या वर्षी पदवी पुरी करून चौथ्या वर्षाला बसलेल्यांना 'अजून शिकतो आहे' यात टाकायची चूक फार सहज होते. त्यांचा मेजर पुरा झालेला आहे.

आणि एटीकेटी. टीवायचा निकाल लागला त्या दिवशी एका पेपरासाठी अडकलेला मुलगा सोडून गेलेला नसतो. पुढच्या परीक्षेत तो बहुधा सुटतो. म्हणून तीन वर्षांचं वाचन उन्हाळी निकालावर न घेता त्यानंतरच्या हिवाळी परीक्षेचा निकाल लागल्यावर घ्यावं, मग चार आणि सात वर्षांनी पुन्हा. संलग्न कॉलेजांची २०२४ ची तुकडी तीन वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये, बाहेर पडेल. तिचं पहिलं प्रामाणिक वाचन त्या हिवाळी निकालानंतरच निघू शकतं, आणि त्यासाठी २०२४ ची गोठवलेली यादी आजही शोधून बाजूला ठेवता येईल.

जोडणी पीआरएनवरून (विद्यापीठाने दिलेल्या कायम नोंदणी क्रमांकावरून) करावी, पण विद्यापीठ बदललं की पीआरएन बदलतो. शेजारच्या रकान्यात अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेचा बारा अंकी क्रमांक ठेवावा, कारण तो संस्थेबरोबर बदलत नाही. नावावर विसंबू नये. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

अहवाल संकेतस्थळावर टाकण्याआधी प्रवर्ग आणि लिंगानुसार फोड केलेले रकाने एकदा तपासावेत. संस्कृत मेजरमध्ये एका प्रवर्गातली एकच मुलगी असेल आणि तिच्यापुढे 'पूर्तता ०' छापलं, तर नाव न लिहिताही सगळ्या कॉलेजाला ती कोण हे कळतं. दहापेक्षा कमी संख्येच्या जागी फुली घालावी. आणि शेजारच्या बेरजेतून वजाबाकी करून तो आकडा काढता येणार नाही, इतपत आणखी एखादा रकाना झाकावा.